प्रेरणा म्हणजे नुसते भारावणे नव्हे

आजच्या मराठी सार्वजनिक जीवनात 'प्रेरणा' हा शब्द पदोपदी भेटतो. जयंतीच्या फलकावर 'प्रेरणास्थान' असते, शाळेच्या स्नेहसंमेलनात 'प्रेरणादायी व्याख्यान' असते, पुस्तकांच्या दुकानात प्रेरणादायी पुस्तकांचे वेगळे कपाट असते आणि मोबाइलवर रोज सकाळी एखादा प्रेरणादायी सुविचार येऊन पडतो. ऐकताना अंगावर काटा येतो, डोळे पाणावतात, टाळ्या पडतात, आणि आपल्याला प्रेरणा मिळाली असे आपण मनापासून म्हणतो. या भावनेत खोटे काही नाही. पण तिला प्रेरणा म्हणावे का, हा प्रश्न विचारायला हवा. माझे म्हणणे असे की प्रेरणा ही मनात दाटून आलेल्या भावनेवरून ओळखायची नसते. त्या भावनेने माणसाला कोणत्या कामाला लावले, यावरून ओळखायची असते. हा निकष मी पदरचा आणलेला नाही. तो आपल्या भाषेत आहे, आपल्या संतांच्या आत्मकथनात आहे, संस्कृत काव्यशास्त्रात आहे आणि सोलापूरच्या मातीत तर तो आठशे वर्षांहून अधिक काळ डोळ्यांसमोर आहे.

आधी शब्दांकडे पाहू. इंग्रजीत ज्याला 'इन्स्पिरेशन' म्हणतात तो शब्द लॅटिनमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ 'आत फुंकणे', 'आत श्वास भरणे' असा आहे. देव माणसात आपला श्वास फुंकतो आणि मग माणूस बोलतो तो देवाचा शब्द, अशी त्यामागची श्रद्धा. म्हणून फार काळ हा शब्द धर्मग्रंथांच्या संदर्भातच प्रामुख्याने वापरला गेला. कवी-कलावंतांकडे आणि पुढे सर्वसामान्यांकडे तो नंतर सरकला. ग्रीकांची कल्पना याच जातीची होती. प्लेटोच्या 'आयॉन' या संवादात सॉक्रेटिस लोहचुंबकाचा दाखला देतो: चुंबक एका लोखंडी कड्याला ओढतो, ते कडे दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला; तशी काव्यदेवता कवीला ओढते, कवी गायकाला आणि गायक श्रोत्यांना. यात कवीचे स्वतःचे शहाणपण काही नाही, तो त्या क्षणी भानावर नसतो, असे सॉक्रेटिसचे म्हणणे. ही कल्पना आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. सोलापूरहून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर तुळजापूर आहे, आणि त्या वाटेवरच्या कुठल्याही गावात 'अंगात देवीचे वारे येणे' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वारे अंगात शिरते, माणूस घुमू लागतो, आणि तो बोलतो ते देवीचे बोलणे मानले जाते. लॅटिन शब्दातला श्वास आणि आपल्या गावाकडचे वारे ही एकाच अनुभवाची दोन नावे आहेत.

पण मराठी तेवढ्यावर थांबत नाही. तिच्याकडे आणखी दोन शब्द आहेत आणि दोघांची वाट वेगळी आहे. 'स्फूर्ती' हा शब्द 'स्फुर्' या धातूपासून आला. त्याचा अर्थ थरथरणे, फुरफुरणे, चमकून जाणे. डोळा स्फुरतो, बाहू स्फुरतात, पोवाडा ऐकून स्फुरण चढते. स्फूर्ती आतून उसळते. बाहेरच्या कुणी ती फुंकावी लागत नाही. 'प्रेरणा' हा शब्द 'ईर्' या धातूला 'प्र' लागून झाला, आणि त्याचा अर्थ पुढे ढकलणे, हलवणे, चालते करणे असा होतो. याच धातूपासून वाऱ्याचे 'समीर' हे नाव झाले आहे, म्हणजे इथेही वारा आहेच. पण इथला वारा माणसाचे भान हिरावून घेत नाही, त्याला जागचा हलवतो. वारे येते तेव्हा माणूस दुसऱ्याच्या ताब्यात जातो. स्फूर्ती येते तेव्हा तो स्वतःतच उजळतो. प्रेरणा मिळते तेव्हा तो चालू लागतो. मराठी बायबलच्या भाषांतरकारांपुढे शास्त्र हे देवाच्या श्वासातून आले आहे असे सांगणारा ग्रीक शब्द होता. त्यासाठी त्यांनी 'परमेश्वरप्रेरित' हा शब्द घेतला. श्वासाच्या जागी चालना आली आणि मराठी वाचकाला त्यात काही खटकले नाही. आज मात्र या तिन्ही छटा आपण एकाच 'प्रेरणा' शब्दात कोंबतो, आणि त्यातली चालना तेवढी हळूहळू गळून चालली आहे.

ही चालना म्हणजे काय, ते सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या कथेत स्वच्छ दिसते. मंगळवार, बुधवार, शुक्रवार अशा वारांच्या नावांनी पेठा वसण्याच्या कितीतरी आधी या गावाचे नाव सोन्नलगी होते. बाराव्या शतकात इथे सिद्धराम नावाचा मुलगा रानात गुरे राखत असे. सोलापुरात कथा सांगतात ती अशी: एक जंगम त्याच्याकडे आला, भूक लागली म्हणाला, मुलाने ज्वारीची कोवळी कणसे भाजून त्याला हुरडा दिला. हुरडा खाऊन पोटात आग पडली, आता दहीभात आण, असे जंगम म्हणाला. मुलगा धावत घरी गेला, दहीभात घेऊन परतला, तो जंगम जागेवर नाही. 'मल्लय्या, मल्लय्या' अशी हाक देत तो थेट श्रीशैलापर्यंत गेला आणि तिथल्या कड्यावरून उडी टाकायला निघाला तेव्हा मल्लिकार्जुनाने त्याला दर्शन दिले. भक्तिकथा म्हणून पाहिले तर गोष्ट इथेच पूर्ण व्हायला हरकत नव्हती. देव भेटला, आणखी काय हवे? पण कथा पुढे जाते. देव त्याला श्रीशैलावर ठेवून घेत नाही, गावी परत पाठवतो आणि काम सांगतो. सिद्धराम परतले, त्यांनी गावात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि लोकांना हाताशी धरून तलाव खोदला. आज त्याच तलावात सिद्धेश्वराचे मंदिर आहे. मकरसंक्रांतीच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज निघतात आणि यात्रेच्या सुरुवातीला त्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. हे लोकपरंपरेतले चरित्र आहे, त्यातल्या प्रत्येक प्रसंगाला इतिहासाचा पुरावा मागता येणार नाही. पण परंपरेने काय लक्षात ठेवले ते महत्त्वाचे आहे. तिने दर्शनाचा क्षण तर जपलाच, पण त्या क्षणाची साक्ष म्हणून तिने पाण्याकडे बोट दाखवले.

इथेच पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो, आणि तो घेणारा माणूसही साधा नाही. बसवेश्वरांच्या शरण परंपरेत प्रसिद्ध प्रसंग आहे की अल्लमप्रभू सोन्नलगीला आले, तलावाचे खोदकाम पाहिले आणि सिद्धरामांना त्यांनी वड्डर म्हणून हिणवले. दगडमाती उपसणे म्हणजे साधना नव्हे, बाहेर तळी बांधून आतली तहान भागत नाही, असा त्यांचा रोख होता. सिद्धराम पुढे त्यांच्याबरोबर कल्याणला गेले, बसवेश्वरांच्या मेळ्यात सामील झाले, तिथे त्यांनी दीक्षा घेतली आणि 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' या मुद्रेने कन्नड वचने रचली. म्हणजे प्रेरणेचे माप कामात आहे असे म्हणणाऱ्याला खुद्द सिद्धरामांच्याच चरित्रातून उत्तर मिळाले असे कुणी म्हणेल. मला ते उत्तर माझ्या मुद्द्याच्या विरोधात वाटत नाही. अल्लमप्रभूंचा आघात बसल्यावर सिद्धराम नुसते गहिवरून बसले नाहीत. त्यांनी गाव सोडले, मार्ग बदलला, दीक्षा घेतली, वचने लिहिली. काम म्हणजे केवळ दगडी बांधकाम असे मी म्हणतच नाही. सवय सोडणे, विचार बदलणे, एखादी विद्या हाती धरणे, हेही काम आहे. अट एवढीच की बदल कुठेतरी दिसला पाहिजे, जो बदलला त्याला तरी.

तुकोबांनी आपल्या काव्याचा उगम स्वतः सांगून ठेवला आहे, आणि त्यांच्याइतका विश्वासू साक्षीदार मराठीला दुसरा मिळणार नाही. एका अभंगात ते सांगतात की नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले, कवित्व कर अशी आज्ञा केली, आणि आपण संकल्पिलेल्या शतकोटी अभंगांतले जे उरले ते पुरे करायला सांगितले. हे स्वप्न म्हणजे दैवी साक्षात्कार आहेच, पण त्याचा आशय नीट पाहा: त्यात काम आहे, कामाचा आकडा आहे, आणि अपुरे राहिलेले कुणाचे तरी काम पुढे नेण्याची जबाबदारी आहे. दुसऱ्या, आत्मकथनपर अभंगात क्रम आणखी स्पष्ट आहे. व्यापार बुडाला, दुष्काळात बायको अन्नाविना गेली, मग देवाचे मोडकळीला आलेले देऊळ नीट करावेसे वाटले, कीर्तनाला उभे राहायचे तर अभ्यास नाही म्हणून संतांची वचने आदराने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले, आणि एवढे झाल्यावर कवित्वाची स्फूर्ती झाली. तुकोबा 'स्फूर्ती' हाच शब्द वापरतात आणि तो या सगळ्याच्या नंतर वापरतात. देऊळ आधी, पाठांतर आधी, टाळकऱ्यांतले उभे राहणे आधी. ज्या कवीच्या ठायी दैवी कृपेवरची श्रद्धा काठोकाठ भरली होती, त्यानेच कृपेआधीच्या कष्टांचा हिशेब इतका चोख मांडला आहे.

संस्कृत काव्यशास्त्रातही हाच वाद झाला. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याची कारणे सांगताना जन्मजात शक्ती, लोक-शास्त्र पाहून आलेली निपुणता आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला अभ्यास यांना एकत्र गुंफले. पुढे जगन्नाथ पंडिताने प्रतिभा हेच एक कारण मानले. तरीही ही प्रतिभा कुणाला देवकृपेने लाभते आणि कुणाला अभ्यासाने, हे त्यालाही मान्य करावे लागले. पण या साऱ्यांहून मला मोलाचा वाटतो तो राजशेखर, कारण तो कवीच्या खोलीत शिरून पाहतो. दहाव्या शतकाच्या आगेमागे झालेला हा कवी आपल्या घराण्याचे नाते अभिमानाने महाराष्ट्राशी सांगतो. त्याच्या 'काव्यमीमांसे'त कवीच्या हाताशी काय काय असावे याची यादी आहे: फळा आणि खडू, लेखणी आणि दौत, ताडपत्रे, भूर्जपत्रे, ताडपत्रावर कोरायला लोखंडी काटा, आणि खरडून पाहायला स्वच्छ सारवलेल्या भिंतीसुद्धा. दिवसाचे प्रहरही त्याने वाटून दिले आहेत. सकाळी विद्यांचा अभ्यास, दुसऱ्या प्रहरी रचना, जेवणानंतर काव्यगोष्टी, आणि चौथ्या प्रहरी मोजक्या जाणकारांसह सकाळच्या रचनेची तपासणी. तपासणी कशासाठी? कारण रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याला बरे-वाईट कळत नाही, असे तो सांगतो. आवेश त्याने नाकारलेला नाही. आवेशाला दुपारी हिशेब द्यायला लावला आहे. प्लेटोच्या कवीला भान नव्हते. राजशेखराचा कवी काही काळ भान हरपतो आणि मग ते परत आणतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळे कष्टाळू माणसांचे समाधान झाले. खरी स्फूर्ती विजेसारखी येते, ती अभ्यासाला विचारत नाही. केशवसुतांनी 'स्फूर्ती' नावाचीच कविता लिहिली आणि तिच्यात उसळत्या मुक्त उन्मादाचे गाणे केले. इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेली ही कल्पना पुढच्या मराठी कवींच्या पिढ्यांना मनापासून पटली. श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरणही नेहमी दिले जाते. नामक्कलची नामगिरी देवी आपल्याला स्वप्नात सूत्रे दाखवते, असे ते सांगत. त्यांच्या अनुभवावर शंका घ्यायचे आपल्याला कारण नाही. पण त्याच रामानुजननी कुमारवयात कार नावाच्या लेखकाचा हजारो सूत्रांचा जाडजूड संग्रह मिळवला आणि त्यातली सूत्रे एकामागून एक स्वतःच्या बळावर सिद्ध करत वह्या भरल्या. फ्रेंच गणिती पोअँकारे यांना एका कोड्याचे उत्तर बसच्या पायरीवर पाऊल ठेवताना एकाएकी सुचले. त्यांनीच पुढे लिहून ठेवले की असा झटका येतो तो त्या प्रश्नाशी आधी केलेल्या झटापटीनंतरच, आणि आल्यावरही ते उत्तर बसून पडताळावे लागते. वीज चमकते हे खरेच. ती कुणाच्या डोक्यात चमकते, याचा उलगडा मात्र त्या माणसाने आधी काय केले याकडे पाहिल्याशिवाय होत नाही.

प्रेरणेचा आणखी एक गुण भारावण्यात नसतो. प्रेरणा एका माणसापाशी थांबत नाही, ती पुढच्याकडे जाते. सोलापूरचे राम जोशी जोशीपणाची वृत्ती असलेल्या घरात जन्मले, तमाशाच्या फडात रमले आणि लावणीकार म्हणून गाजले. बारामतीच्या मोरोपंतांचा परिचय झाल्यावर ते कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून महाराष्ट्रभर नेल्या. पंडिताने शाहिराला वळण दिले आणि शाहिराने पंडिताला श्रोते मिळवून दिले. विसाव्या शतकात हाच प्रकार जगाच्या नकाशावर घडला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. 1938 साली निघालेल्या त्या पथकात 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. नॉर्मन बेथून हे कॅनेडियन शल्यविशारद युद्धभूमीवर जखमींची सेवा करताना 1939 मध्ये गेले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा पुढे कोटणीसांनी वाहिली आणि तिथेच 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. एका पत्राने पथक निघाले, पथकातून कोटणीस घडले, कोटणीसांवरून पुस्तक झाले आणि पुस्तकावरून चित्रपट. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी उठून काहीतरी केले म्हणूनच ही साखळी पुढे गेली. त्यांतला कुणी एक जरी वाचून, हळहळून घरी बसला असता, तरी ती तिथे तुटली असती.

कामावर एवढा भर दिला की एक रास्त भीती पुढे येते: प्रेरणा तर दंगलखोरांनाही मिळते, मग तिला चांगले का म्हणायचे? याचे उत्तर आपल्या कायद्याच्या मराठीत आहे. गुन्ह्याला चिथावणी किंवा साहाय्य देणे याला ती 'अपप्रेरणा' म्हणते आणि अपप्रेरणा देणाऱ्याला शिक्षेस पात्र धरते. हा शब्द घडवणाऱ्यांनी प्रेरणेचे खरे स्वरूप अचूक ओळखले होते. दुसऱ्याला हलवणे ही कृती आहे आणि कृतीची जबाबदारी असते. प्रेरणा स्वतः चांगली किंवा वाईट नसते. ती जे करायला लावते ते चांगले किंवा वाईट असते. म्हणून तर ती कामावरूनच तोलावी लागते, नुसत्या आवेशावरून तोलता येत नाही. आवेश दोन्हीकडे सारखाच असतो.

शेवटचा आक्षेप भाषेच्या बाजूने येईल. शब्दांचे अर्थ बदलतात, धातू उकरून कुणी लोकांचे बोलणे सुधारू शकत नाही, आणि भारावण्याला लोक प्रेरणा म्हणत असतील तर म्हणू द्यावे. हे मला तत्त्वतः मान्य आहे. व्युत्पत्ती हा काही कायदा नव्हे. माझी तक्रार शब्द बदलल्याची नाही, एक भेद हरवल्याची आहे. कौतुक, आदर, गहिवर, स्फुरण, उमेद, चेव यांतल्या प्रत्येक भावनेला मराठीत स्वतःचे नाव आहे, आणि त्या सगळ्याच मोलाच्या आहेत. थोरांचे चरित्र ऐकून डोळे ओलावणे यात कमीपणा नाही. काही वेळा आजचा गहिवर दहा वर्षांनी कामाला येतो. पण गहिवरालाच प्रेरणा म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते आपला वाटा झाला, आणि तो तिथेच थांबतो. सोलापुरात स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांची नावे रोज उच्चारली जातात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. लिंगायत, मारवाडी, मुसलमान, मराठा अशा वेगवेगळ्या घरांतली ही माणसे एका कामासाठी एकत्र उभी राहिली. त्यांच्यापासून प्रेरणा घेतली असे म्हणायचे असेल तर आज आपल्या पेठेत, आपल्या गल्लीत वेगळ्या घरच्या माणसाबरोबर आपण कोणत्या कामाला उभे आहोत, हे सांगता आले पाहिजे.

म्हणून वाचकांना एकच विनंती. यापुढे कुणाला आपले प्रेरणास्थान म्हणाल तेव्हा त्याच दमात दुसरे वाक्यही बोला: त्यांच्यामुळे मी अमुक सुरू केले, अमुक सोडले, अमुक शिकायला घेतले. व्याख्यान संपल्यावर मुलांना 'कसे वाटले?' एवढेच न विचारता 'उद्या काय करणार?' असेही विचारा. उत्तर लहान असले तरी चालेल, महिन्याला एक पुस्तक वाचण्याइतके किंवा एक झाड जगवण्याइतके. ते दुसरे वाक्य सुचत नसेल तर त्या माणसाविषयी आदर आहे असे म्हणावे. तेही खरे आहे आणि पुरेसे आहे. प्रेरणा हा शब्द मात्र काम हाती घेतल्यावरच वापरावा.